लीन व्यवस्थापन : वाचलेली उचल आणि बुडालेली मजुरी

भंडारा जिल्ह्यातील आधारभूत धान खरेदी केंद्रावर शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमधून उतरलेले पोते तांदूळ होऊन शासकीय गोदामात पोहोचेपर्यंत किती वेळा उचलले जाते, हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे. ट्रॅक्टरमधून काट्यावर, काट्यावरून थप्पीला, थप्पीवरून ट्रकमध्ये, ट्रकमधून गिरणीच्या शेडमध्ये, तेथून पुन्हा एका थप्पीला आणि त्या थप्पीवरून हौदात. धान भरडून तांदूळ निघाला की तो बारदान्यात भरायचा, पोते शिवायचे, रचायचे, पुन्हा ट्रकमध्ये चढवायचे आणि गोदामाच्या दारात उतरवायचे. या सर्व उचलींपैकी एकीनेही तांदळाच्या दाण्यात कसलीच भर पडत नाही. जपानी उत्पादनशास्त्राच्या परिभाषेत अशा निरर्थक श्रमाला 'मुदा', म्हणजे अपव्यय, म्हणतात. पोते पाठीवर घेणाऱ्या हमालाच्या हिशेबात मात्र याच प्रत्येक उचलीला मजुरी म्हणतात.

एकाच कृतीची ही दोन नावे 'लीन' व्यवस्थापनासमोरच्या बहुतेक अडचणींच्या मुळाशी आहेत. या विषयावरील व्याख्यानांत आणि पुस्तिकांत कानबान, कायझेन, पाच 'एस' यांची माहिती भरपूर सापडते. परंतु पद्धत राबवताना माणसांचे काय होते, हा प्रश्न शेवटच्या दोन ओळींत 'कामगारांचा सहभाग आवश्यक' एवढ्या उपदेशावर आटोपला जातो. प्रस्तुत लेखात त्या दोन ओळींचाच विचार करावयाचा आहे.

शब्द कोठून आला

'लीन' या इंग्रजी शब्दाचा अर्थ सडपातळ, अंगावर फाजील चरबी नसलेला. उत्पादनपद्धतीला हे विशेषण प्रथम लावले जॉन क्राफ्चिक या अमेरिकी अभियंत्याने, १९८८ मधील एका लेखात. १९९० साली वोमॅक, जोन्स आणि रूस यांच्या 'द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड' या ग्रंथाने तो जगभर नेला. वर्णन होते ते टोयोटा कंपनीत ताईची ओनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युद्धोत्तर काळात घडवलेल्या पद्धतीचे. ओनो यांनी अपव्ययाचे सात प्रकार सांगितले : गरजेपेक्षा अधिक उत्पादन, वाट पाहणे, अनावश्यक वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, फाजील साठा, अनावश्यक हालचाल आणि सदोष माल. ग्राहकाला हवे तेव्हा, हवे तेवढेच तयार करावे आणि दोष दिसताच काम तेथेच थांबवावे, या दोन खांबांवर सारी इमारत उभी आहे.

या इमारतीच्या पायाची हकीगत मात्र सहसा सांगितली जात नाही. १९५० मध्ये टोयोटा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. कामगारकपातीविरुद्ध मोठा संघर्ष झाला, दोन हजारांहून अधिक लोकांना कंपनी सोडावी लागली आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनीही अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. उरलेल्या कामगारांना नोकरीची शाश्वती देण्याचे धोरण या कडू अनुभवातून आकाराला आले. कामगारांकडून सूचना मागवण्याची योजना १९५१ मध्ये सुरू झाली आणि १९६२ मध्ये संघटना व व्यवस्थापन यांनी संयुक्त जाहीरनामा काढला. सुधारणा सुचवली म्हणून स्वतःची नोकरी जाणार नाही, ही खात्री असलेला माणूसच सूचनापेटीत चिठ्ठी टाकतो. आपल्याकडे सूचनापेटी आली, ती खात्री आली नाही.

अमेरिकेतील 'नुम्मी'चे उदाहरण येथे उद्बोधक ठरावे. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी व भांडणांसाठी कुप्रसिद्ध होता. तो १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा उघडला, तेव्हा बहुसंख्य कामगार जुनेच होते, संघटनाही जुनीच होती. करारात मात्र नवे कलम होते : कपातीची वेळ आली तर आधी व्यवस्थापकांचे पगार घटतील. पुढे मागणी घसरली तेव्हा कामगारांना घरी न पाठवता प्रशिक्षणाला बसवण्यात आले. माणसे तीच आणि छप्परही तेच असताना गुणवत्ता बदलली. (हा कारखानाही २०१० मध्ये बंद झाला, हे नमूद केले पाहिजे.) टोयोटाचे नाव लागले म्हणजे औद्योगिक शांतता आली, असेही नव्हे. बंगळुरूजवळ बिडदी येथील टोयोटा-किर्लोस्कर कारखान्यात जानेवारी २००६ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२० मध्ये टाळेबंदी झाली. दुसऱ्या वेळी कामगारांच्या तक्रारींत कामाचा वेग व भार हे मुद्दे होते.

भंडाऱ्याचे उद्योग

वैनगंगेच्या काठचा हा जिल्हा शेतीप्रधान म्हणून ओळखला जातो, आणि तो तसा आहेही. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यानंतर आकाराने तो लहान झाला. तरीही उद्योगांची विविधता पाहिली तर आश्चर्य वाटते. गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून आहे. मालमोटारींचे गिअरबॉक्स ही त्याची ओळख. वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे 'मॉईल'च्या मँगेनीजच्या खाणी आहेत. या मोठ्या नावांच्या सावलीत शेकडो लहान आस्थापना आहेत : राईस मिल, सुटे भाग घडवणारे वर्कशॉप, भंडारा शहरातील पितळी भांड्यांचे कारागीर, मोहाडी तालुक्यातील कोशाचे विणकर आणि गावोगावच्या घरांतून तेंदूपानाची विडी वळणाऱ्या स्त्रिया.

मोठ्या कारखान्यांना या पद्धती नव्या नाहीत. वाहन उद्योगाने त्या केव्हाच अंगीकारल्या आहेत. जेमतेम ६०-७० किलोमीटरवरील नागपूरचा ट्रॅक्टर कारखाना महिंद्रच्या ज्या विभागात मोडतो, त्या विभागाने २००३ मध्ये गुणवत्तेचे डेमिंग पारितोषिक मिळवले. जगातील कोणत्याही ट्रॅक्टर कंपनीला मिळालेले ते पहिलेच. अशा कंपन्यांजवळ प्रशिक्षण विभाग असतो, मान्यताप्राप्त संघटना असते, वेतनकरार असतो. खरी कसोटी लागते ती वीस-पंचवीस माणसांच्या आस्थापनेत, जेथे मालक, मुनीम आणि मिस्त्री हीच सारी व्यवस्थापनाची उतरंड असते.

लाभ कोणाचा?

पुन्हा राईस मिलच्या शेडमध्ये येऊ. समजा, मालकाने मांडणी बदलली, धान थेट हौदापाशी उतरवण्याची सोय केली, एक लहान पट्टा बसवला आणि पोत्यामागे होणाऱ्या दहा उचली सहावर आल्या. उचलीचा दर तोच राहिला तर हमालांच्या टोळीची कमाई पोत्यामागे ४० टक्क्यांनी घटते. पूर्वीइतकीच कमाई राखायची तर दर दोन-तृतीयांशाने वाढवावा लागेल, आणि तोटा अर्धाअर्धा वाटून घ्यायचा ठरवले तर एक-तृतीयांशाने. 'एवढा दर वाढवला तर माझा फायदा काय?' असे मालक विचारील. फायदा आहे : ट्रक लवकर मोकळा होतो, बारदाना कमी फाटतो, सांडलवंड कमी होते, भरडाईचा वेळ वाचतो. पण हा फायदा त्याच्या वहीत कोठेच स्वतंत्र रकान्यात लिहिलेला नसतो. हमालीचा रकाना मात्र ठळक असतो. म्हणून बचत मोजताना त्याची नजर प्रथम तेथेच जाते.

'काम वाढेल, जास्त पोती निघतील, मजुरी आपोआप भरून येईल' असा युक्तिवाद सल्लागार करतात. मोटारीच्या सुट्या भागांना तो काही अंशी लागू पडेल. भंडाऱ्यातील मिलला तो सहजी लागू पडत नाही. कारण तिच्या कामाचा मोठा हिस्सा शासकीय धानाच्या भरडाईचा आहे आणि धानाचे वाटप तिच्या हाती नाही. साध्या तांदळासाठी क्विंटलमागे ६७ किलो आणि उकड्या तांदळासाठी ६८ किलो तांदूळ जमा करावयाचा, हा उताराही ठरलेला. भरडाईचे दर व उतारा यांवरून गिरणीमालक आणि शासन यांच्यात वाद होऊन धानाची उचल रखडल्याचे प्रसंग भंडारा-गोंदियात अनेकदा आले आहेत. धान दोन-अडीच महिन्यांत एकदम येते, मग उरलेला काळ यंत्रे रिकामी. ग्राहकाच्या मागणीने उत्पादन खेचले जावे, हे लीनचे मूलतत्त्व. येथे मात्र ढग, कापणी आणि शासनाचा आदेश मिळून धान ढकलतात आणि गिरणीने ते मिळेल तसे घ्यायचे असते.

हा प्रश्न आजचा नाही. मुंबईच्या गिरण्यांत त्याला 'रॅशनलायझेशन' म्हणत. दोन मागांऐवजी तीन माग एका विणकराने सांभाळावेत, अशा योजना आल्या. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपामागे हे एक प्रमुख कारण होते. गिरणी कामगार युनियनचा जन्म याच संपातला. त्या काळातील कामगारांना 'प्रगतीचे शत्रू' ठरवणारे लेखन विपुल आहे. पण तिसरा माग चालवून होणाऱ्या बचतीतला वाटा किती, हा त्यांचा प्रश्न अगदी साधा होता.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला निदान कागदावर तरी सुस्पष्ट उत्तर दिले गेले. जुलै १९५७ मधील पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत मालक, कामगार आणि शासन यांनी विवेकीकरणाबाबत तत्त्वे मान्य केली. असलेल्या कामगारांची कपात नको आणि त्यांच्या कमाईत घट नको. लाभाचे न्याय्य वाटप व्हावे. कामाचा भार उभय पक्षांना मान्य तज्ज्ञाने ठरवावा. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली. कायद्यातही सोय होती. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचे कलम ९-अ सांगे की, कपातीची शक्यता असणारे विवेकीकरण वा प्रमाणीकरण करावयाचे तर कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्यावी. या कायद्याची जागा घेणारी औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, आणि तिनेही ही नोटीस कायम ठेवली आहे. कंत्राटदाराच्या हजेरीपटावरील हमालापर्यंत ती पोहोचते का, हा वेगळा प्रश्न. हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतंत्र माथाडी कायदा केला, हे राज्याला भूषणावह. मात्र तालुक्याच्या गावातील मिलमध्ये टोळीचा मुकादम आणि मालक यांच्यातील तोंडी बोलीच बहुधा कायद्याचे काम करते.

मुंबईच्या डबेवाल्यांचे गुणगान लीनच्या प्रत्येक व्याख्यानात असते. रंगीत खुणा, अचूक वेळ, कागदाविना व्यवहार या गोष्टी वर्णिल्या जातात. परंतु डबेवाला हा नोकर नाही, आपल्या गटाचा भागीदार आहे आणि गटाची कमाई वाटून घेतली जाते, ही बाब ओझरती येते. त्याने दहा मिनिटे वाचवली तर ती त्याचीच असतात.

'छाट'ची आठवण

विडी उद्योगाचे उदाहरण येथे मुद्दाम घेतो, कारण गुणवत्तेच्या नावाखाली काय होऊ शकते याची स्मृती या भागातील श्रमिक घराघरांत आहे. विडी वळणारीला हजारावर मजुरी मिळते. ठेकेदार विड्या तपासतो आणि सदोष ठरलेल्या बाजूला काढतो. त्याला 'छाट' म्हणतात. छाटलेल्या विडीची मजुरी नाही. ती विडी मात्र परत हाती येईलच असे नाही. या प्रकाराला आळा घालण्यासाठी १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात छाटीबाबतच्या वादांचा निवाडा करण्याची तरतूद करावी लागली.

आता ज्या तरुणाच्या आईने आयुष्यभर छाट सोसली, त्याला कारखान्यात उभे करून 'सदोष भाग शोध, तुझ्या हातून चूक झाली तर फलकावर लिही' असे सांगितले, तर त्याला काय आठवेल? टोयोटाच्या पद्धतीत दोष दिसताच दोरी ओढून सारी साखळी थांबवण्याचा अधिकार साध्या कामगाराला असतो. दोरी ओढणाऱ्याचे आभार मानले जातात. आपल्याकडे दोष उघड करणे म्हणजे स्वतःची छाट स्वतः करणे, असा समज खोल रुजलेला आहे, आणि तो निराधार नाही. म्हणून फलक कोरे राहतात. सल्लागार त्याला 'मानसिकतेचा अभाव' म्हणतो. वास्तविक हा अनुभवातून आलेला शहाणपणा आहे. मजुरी कापली जाणार नाही, असे लेखी जाहीर करून सहा महिने ते पाळून दाखवले तरच या शहाणपणाला बदलण्याचे कारण मिळते.

मुकादमाची खुर्ची

कामगारांच्या विरोधाबद्दल बरेच बोलले जाते. प्रत्यक्षात अधिक चिवट विरोध मधल्या फळीचा असतो आणि तो बोलून दाखवला जात नाही. मुकादम, फोरमन, स्टोअरकीपर यांचे महत्त्व माहितीवर टिकून असते. कोणता माल कोठे ठेवला आहे, कोणत्या यंत्राची काय खोड आहे, कोणाला कोणत्या कामावर लावायचे, हे एकट्याला ठाऊक असणे हीच त्याची सत्ता. पाच 'एस'मध्ये प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक जागेला पाटी लागते. पाटी लागली की स्टोअरकीपरला विचारण्याची गरज संपते. कामाची प्रमाणित पद्धत भिंतीवर चिकटवली की वीस वर्षांच्या अनुभवी मिस्त्रीचे गुपित उघडे पडते.

हे गुपित त्याने स्वतःहून का द्यावे? भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या धंद्यात, कोशाच्या विणकामात कसब घराण्यात राहिले, कारण तेच घराण्याचे भांडवल होते. मिस्त्रीचे कसब त्याच जातीचे आहे. त्याला शिक्षक म्हणून नेमणे, त्या पदाला वेगळा भत्ता देणे, प्रमाणित पद्धतीच्या तक्त्यावर त्याचे नाव छापणे असे काही केले तर तो त्याला आपला तक्ता समजेल. न केल्यास तो विरोध करणार नाही, फक्त तक्त्यात एक बारीकशी गोष्ट सांगायची विसरेल.

आणि सर्वांत वर मालक. साठा कमी करा, असे त्याला सांगितले जाते. ज्याने वीज जाताना, ट्रक अडकताना, बिल सहा महिने थकताना पाहिले आहे, त्याच्या दृष्टीने साठा म्हणजे विमा. मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान उद्योजकाची तर दुहेरी कोंडी. ग्राहक 'रोज हवे तेवढेच द्या' म्हणतो, म्हणजे ग्राहकाचा साठा पुरवठादाराच्या शेडमध्ये आणि पुरवठादाराच्या कर्जखात्यात जातो. वाहन बाजार घसरला तेव्हा सप्टेंबर २०१९ मध्ये अशोक लेलँडने आपल्या कारखान्यांत कामबंदीचे दिवस जाहीर केले. त्यांत भंडाऱ्यासाठी १० दिवस होते. मोठा कारखाना दहा दिवस थांबतो तेव्हा त्याच्यावर अवलंबून असलेल्या वर्कशॉपला किती दिवस थांबावे लागेल, हे कोणतेच कानबान कार्ड सांगत नाही. जपानी परिभाषेत 'मुदा'च्या जोडीला 'मुरा' म्हणजे चढउतार आणि 'मुरी' म्हणजे अतिभार हे दोन शब्द आहेत. ओझे नेहमी लहानाच्या खांद्यावर उतरते, म्हणून मोठ्यांच्या सादरीकरणांत ते क्वचितच दिसतात.

दहा शेजारी, एक संस्था

लहान उद्योगांना या पद्धती परवडाव्यात म्हणून केंद्र शासनाने २००९ मध्ये लीन मॅन्युफॅक्चरिंग स्पर्धात्मकता योजना प्रायोगिक स्वरूपात, १०० लघुसमूहांसाठी आणली. राष्ट्रीय उत्पादकता परिषद ही अंमलबजावणी करणारी संस्था होती. साधारण दहा उद्योगांनी एकत्र येऊन संस्था स्थापावी, सल्लागार नेमावा, ८० टक्के खर्च शासनाचा आणि २० टक्के उद्योजकांचा, असे तिचे स्वरूप. २०१३ मध्ये तिचा विस्तार ५०० समूहांपर्यंत करण्यात आला. मार्च २०२३ मध्ये ती नव्या रूपात आली. मूलभूत, मध्यम व प्रगत असे तीन टप्पे आणि शासनाचा वाटा ९० टक्के.

पैशाचा प्रश्न यातून बराचसा सुटतो. विश्वासाचा सुटत नाही. एकाच तालुक्यातील दहा राईस मिल एकमेकींच्या स्पर्धक असतात. भरडाईचे तेच वाटप, तेच हमाल, तोच मिस्त्री पळवण्याची चढाओढ. त्यांच्या मालकांनी एका टेबलाशी बसून आपला खरा उतारा, खरी वीज आणि कणीचे खरे प्रमाण सांगावे, ही अपेक्षा फार मोठी आहे. व्यवसायाने भिन्न असे दहा जण घ्यावेत तर सल्लागाराला प्रत्येकाकडे नवा अभ्यास. मध्यममार्ग म्हणून आरंभी आकडे सांगण्याची सक्ती न करता एकमेकांच्या शेडला फक्त भेट देणे, हा उपाय अनेक समूहांना मानवेल असे वाटते. डोळ्यांनी पाहिलेले कोणी नाकारत नाही आणि ताळेबंदही उघडावा लागत नाही.

अनुदानावर आलेल्या योजनेचा आणखी एक धोका असा की, तिची पूर्तता छायाचित्रांनी सिद्ध होते. 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन छायाचित्रे. पिवळे पट्टे, रंगवलेले पिंप, साफ केलेली शेड. नव्याचे नऊ दिवस सरले की पिंपांच्या मागे पुन्हा भंगार जमू लागते. सल्लागाराचे अंतिम देयक तोवर निघालेले असते. पाच 'एस'मधला पाचवा 'शित्सुके', म्हणजे अंगवळणी पडलेली शिस्त. तो कॅमेऱ्यात येत नाही.

जेथे अंतर हाच प्राण

अपव्ययाची व्याख्या सर्वत्र सारखी नसते, हे सांगण्यासाठी जवाहरनगरइतके गंभीर ठिकाण नाही. स्फोटके हाताळणाऱ्या कोणत्याही कारखान्यात इमारती मुद्दाम दूरदूर असतात, मध्ये मातीचे बांध असतात. एका खोलीत एका वेळी किती माणसे आणि किती स्फोटक पदार्थ असावा याची मर्यादा ठरलेली असते. सामान्य कारखान्याच्या चष्म्यातून पाहणारा सल्लागार या अंतराला 'अनावश्यक वाहतूक' म्हणेल आणि मोकळ्या जागेला 'अनुत्पादक'. वास्तविक तेथे अंतर हेच कामगाराचे चिलखत असते. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा आयुध निर्माणीत झालेल्या भीषण स्फोटात आठ कामगार मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेचा लीनशी संबंध जोडण्याचे येथे काहीही कारण नाही. पण अशा जिल्ह्यात 'फाजील' हा शब्द वापरताना दोनदा विचार करावा लागतो.

या निर्माणीने संघटनात्मक बदलाचा वेगळा अनुभवही घेतला आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन देशभरातील निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत विभागल्या गेल्या. भंडाऱ्याची निर्माणी पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आली. कामगार संघटनांचा या निर्णयाला तीव्र विरोध होता आणि त्याच वर्षी संसदेने अत्यावश्यक संरक्षण सेवांतील संपास मनाई करणारा कायदा केला. बदल योग्य की अयोग्य, यावर दोन मते असू शकतात. कर्मचाऱ्यांना मात्र आपण शासकीय सेवक की कंपनीचे, ही चिंता लागून राहिली. अशा अनिश्चित अवस्थेतल्या माणसाला उत्पादकतेचे धडे द्यायला जाणे म्हणजे पंगत उठत असताना ताट वाढायला घेणे.

रोवणी, मंडई आणि वेळापत्रक

शेवटी एका अडचणीचा उल्लेख, जिच्याबद्दल आयात पुस्तकांत काहीच सापडत नाही. भंडाऱ्यातील कामगार बहुधा शेतकरीही असतो. जुलैत रोवणी सुरू झाली की हजेरी कमी होते. पऱ्हे तयार आहेत, बांधीत पाणी आहे, तर त्या चार दिवसांत घरच्या माणसाने शेतात असलेच पाहिजे. पाऊस कारखान्याच्या पाळीची वाट पाहत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया आणि रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटके. व्यवस्थापक याला गैरहजेरी म्हणतो आणि कारवाईची पत्रे काढतो. दरवर्षी त्याच आठवड्यांत त्याच संख्येने होणारी गैरहजेरी हा खरे तर अपघात नव्हे, तो आगाऊ ठाऊक असलेला चढउतार आहे. लीनच्याच तत्त्वानुसार त्याचा समतोल आधी साधायला हवा : यंत्रांची वार्षिक दुरुस्ती रोवणीत ठेवणे, रजा गावानुसार वाटून देणे, एकाला तीन यंत्रे शिकवून ठेवणे.

प्रशिक्षणाची वेळही याच हिशेबाने ठरते. राईस मिल रिकामी असते तेव्हा हमाल शेतात असतो, आणि हमाल मोकळा होतो तेव्हा धान दारात उभे असते. दोघांनाही उसंत असलेला काळ शोधू गेल्यास वर्षात एकच बरा टप्पा दिसतो, पोळा ते दसरा. रोवणी संपलेली, निंदण आटोपत आलेले, कापणी दूर, मिलचा पट्टा थांबलेला. शेड रिकामी असते, तेव्हा चुन्याच्या रेघा ओढून पोत्यांचा नवा मार्ग आखता येतो आणि मुकादमाला चालवून दाखवता येतो. उचलीचा नवा दरही तेव्हाच, धानाचा पहिला ट्रक येण्याआधी, टोळीसमोर ठरवून वहीत लिहून ठेवता येतो.